सुट्टी हुंडीला, माणसाला नाही



परवा १५ ऑगस्ट झाला. साल २०२२, स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षे, त्यात "हर घर तिरंगा". आमच्या सातारच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर सकाळपासून फोटोंचा पाऊस पडत होता. त्यातला एक फोटो तीन वेगवेगळ्या लोकांनी टाकला. कुठल्यातरी सोसायटीचे गेट, वर तिरंगा आणि खाली सिक्युरिटी गार्डच्या गणवेशातला एक माजी सैनिक कडक सॅल्यूट मारून उभा. फोटोखाली "सलाम", "जय जवान", हात जोडलेल्या बाहुल्या. मी अंगठा दाबायला गेलो आणि थांबलो. मनात आले, या गड्याला आजच्या दिवसाचे पैसे किती मिळाले असतील?

हा प्रश्न माझा नाही. तो मला कोलकात्याच्या पोस्टिंगमध्ये एका उस्तादांनी विचारला होता आणि त्याचे उत्तर मला आजवर नीट देता आलेले नाही. म्हणून आज तोच किस्सा लिहितो. शेवटी माझे मत सांगणार आहे. काही जणांना ते झोंबेल. झोंबू द्या.

२०१८ साली मी हवालदार क्लार्क म्हणून फोर्ट विल्यमला होतो. १५ ऑगस्टला रेड रोडवर राज्य सरकारचा कार्यक्रम असतो. आमच्या ऑफिसची धावपळ पहाटेपासून दुपारपर्यंत चालली. दुपारी आउटपास घेऊन मी मावसभावाकडे जेवायला निघालो. तो बँकेत आहे, त्याची बदली त्या वर्षी कोलकात्याला झाली होती. बायपासच्या बाजूला ऐंशी फ्लॅटची सोसायटी. ऑगस्टमधला तिथला उकाडा ज्यांनी भोगलाय त्यांना माहीत आहे, उभ्या उभ्या शर्ट पिळून निघतो.

गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायला वाकलो तर गार्डने माझे बूट पाहिले, केसांचा कट पाहिला आणि विचारले, "कौन सी यूनिट?" मी वर पाहिले. पन्नाशीचा माणूस, पाठ सरळ, एजन्सीचा निळा गणवेश आणि छातीवर खरी मेडल्स. सैन्य सेवा मेडल, हाय अल्टिट्यूड मेडल, वीस वर्षांच्या सेवेचे मेडल. बिहार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त. माझ्यापेक्षा कितीतरी सीनियर, म्हणून मी लगेच "राम राम, उस्ताद" म्हटले.

सकाळी आठला झेंडावंदन झाले होते. झेंडा बांधून, घडी घालून, दोरी तपासून ठेवली होती उस्तादांनीच. आदल्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले होते, "उद्या मेडल लावून या, मुलांना बरं वाटेल." मुलांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. एका काकूंनी दोन संदेश आणि एक सामोसा दिला. मग सगळे आपापल्या घरी सुट्टी साजरी करायला गेले आणि उस्ताद गेटवर आले. ड्यूटी सकाळी सात ते संध्याकाळी सात.

मी सहज म्हणालो, "उस्ताद, आज तर डबल हजेरी असेल?"

ते हसले. खिशातून घडी घातलेली पगाराची चिठ्ठी काढली. जानेवारीची होती. मुलीच्या साखरपुड्यासाठी ते २४ ते २७ जानेवारी गावी, भोजपूर जिल्ह्यात गेले होते. चार दिवसांपुढे इंग्रजी "ए" होता. ॲब्सेंट. चारही दिवसांचा पगार कापलेला. त्यात २६ जानेवारी होता.

"भाई," ते म्हणाले, "२६ जनवरी को घर पर रहा तो पैसा कटा. आज १५ अगस्त को खड़ा हूँ तो वही एक हाजिरी. तो छुट्टी कहाँ है, बताओ?"

मी क्लार्क. आयुष्य रजेच्या सर्टिफिकेटांवर सह्या गोळा करण्यात गेले. कोणाची एएल किती उरली, कोणाची सीएल कधी लॅप्स होते हे मला झोपेत विचारले तरी सांगता यायचे. पण या साध्या प्रश्नावर मी गप्प बसलो.

वर जाऊन जेवलो. मावसभाऊ लुंगी लावून सोफ्यावर लोळत होता. बँकेला सुट्टी. मी त्याला विचारले, "तुला आज सुट्टी कोणत्या कायद्याने मिळाली रे?" तो बँकवाला, त्याला पाठ होते. "निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम २५." त्यानंतर मी हा विषय जमेल तसा वाचत गेलो. जे कळले ते थोडक्यात सांगतो.

दरवर्षी पेपरात सार्वजनिक सुट्ट्यांची यादी छापून येते ना, तिच्या मुळाशी १८८१ चा हा कायदा आहे. तो कामगारांचा कायदा नाही. तो हुंडी, वचनचिठ्ठी, चेक यांचा आहे. कलम २५ एवढेच सांगते की हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी भरली असे समजावे. बँका त्या यादीप्रमाणे बंद राहतात. म्हणजे कायद्याने सुट्टी दिली ती कागदाला. त्या कागदामागे बसलेल्या माझ्या मावसभावाला ती आपोआप मिळाली. गेटवरच्या उस्तादांच्या हातात ना हुंडी, ना चेक. त्या यादीतला लाल रंग त्यांच्या उपयोगाचा नाही.

त्याच १८८१ साली आपल्या देशात पहिला फॅक्टरी कायदाही झाला. तेव्हा राजधानी कोलकाताच होती. त्या कायद्याने गिरणीतल्या लहान मुलांना महिन्यात चार सुट्ट्या दिल्या आणि मोठ्या माणसांना एकही नाही. एकाच वर्षात हुंडीची सोय लागली आणि गिरणीकामगार तसाच राहिला.

मग त्याला रविवार कोणी दिला? हे तरी मराठी माणसाने विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या कमिशनकडे दिले. पहिली मागणी होती आठवड्याला एक पूर्ण दिवस विश्रांती. सहा वर्षे ते त्यामागे लागले. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन बायकांनीही उभे राहून भाषणे केली. आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी ती कायद्यातही आली. आज आपण रविवारी मटण आणतो ते त्या माणसाच्या जिवावर. मालकांनी खुशीने काही दिले नव्हते.

आता मधली सव्वाशे वर्षे सोडून उस्तादांच्या चिठ्ठीकडे या. कायदे नाहीत असे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याचे कलम १३ तेव्हा सांगत होते की सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस, त्या दिवसाचे वेतन, आणि त्या दिवशी काम करून घेतले तर ओव्हरटाइमपेक्षा कमी दर नाही. पश्चिम बंगालचा दुकाने व आस्थापना कायदा १९६३ चा, तो तर आठवड्याला दीड दिवस सुट्टी सांगतो. केरळ आणि तमिळनाडूने १९५८ सालीच राष्ट्रीय आणि सणाच्या सुट्ट्यांसाठी स्वतंत्र कायदे केले. तिथे अशा दिवशी कामाला बोलावले तर दुप्पट पगार, किंवा त्या दिवसाचा पगार आणि बदली पगारी सुट्टी. आपल्या महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा ठराविक संख्येइतके कामगार असतील तिथे वर्षाला आठ पगारी सुट्ट्या देतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार, ज्या मालक आणि कामगारांनी वर्षाच्या सुरुवातीला ठरवायच्या.

कायदा आहे, पण तो राज्याच्या सीमेबरोबर बदलतो. आणि जिथे आहे तिथेही हिशेबाच्या कागदावर हरवतो. कसा, ते क्लार्क म्हणून सांगतो.

महिन्याचे किमान वेतन सव्वीस दिवसांचे धरतात. उरलेले चार दिवस साप्ताहिक सुट्टीचे, त्यांचे पैसे त्यात धरलेलेच असतात. समजा महिना १३,००० आहे. २६ ने भागले की रोजचे ५०० पडतात. एजन्सीवाला काय करतो? ३१ ने भागतो. रोजचे झाले ४१९. मग म्हणतो, जेवढे दिवस याल तेवढे घ्या. गार्ड बिचारा एकतीसच्या एकतीस दिवस येतो आणि १३,००० घेऊन जातो. त्याला वाटते पूर्ण पगार मिळाला. प्रत्यक्षात चार रविवार आणि एक १५ ऑगस्ट त्याने फुकट काम केलेले असते. आणि हे आठ तासांचे गणित आहे. वरचे चार तास तर मी धरलेच नाहीत.

आता लोक काय म्हणतात ते घेतो. यातले बहुतेक आपलेच लोक म्हणतात, म्हणून जास्त वाईट वाटते.

पहिले. "गेट मोकळे सोडता येते का? सुरक्षा थांबत नाही." बरोबर. कोणी म्हटले थांबवा? हॉस्पिटल चालते, ट्रेन चालते, गेटही चालले पाहिजे. पण ज्याच्या सुट्टीवर तुमची सुट्टी उभी आहे त्याला त्या दिवसाचे दुप्पट द्या किंवा दुसऱ्या दिवशी पगारी सुट्टी द्या. काम अत्यावश्यक आहे म्हणून ते स्वस्त असावे, हे कुठले शहाणपण?

दुसरे, आणि हे आपल्या ग्रुपवर हमखास येते. "आम्ही बॉर्डरवर दिवाळी काढली, होळी काढली. आम्हाला कोणी डबल दिले? फौजी माणूस सुट्टीसाठी रडत नाही."

मंडळी, इथे मी क्लार्क म्हणून तुम्हाला अडवणार. आपल्याला दिवाळी मिळाली नसेल, पण वर्षाला साठ दिवस एएल आणि तीस दिवस सीएल होती. सुट्टीवर असताना पगार एक रुपयाने कापला नाही. येण्याजाण्याला वॉरंट होते. शिवाय मिलिटरी सर्व्हिस पे नावाची रक्कम पगारात वेगळी असते. सातव्या वेतन आयोगापासून जेसीओ आणि जवानांना महिना ५,२०० रुपये. ती कशासाठी? आपले आयुष्य घड्याळाच्या आणि कॅलेंडरच्या बाहेर चालते म्हणूनच. म्हणजे सरकारनेसुद्धा आपली दिवाळी फुकट घेतली नाही, तिची काहीतरी किंमत लावली. सियाचीनला उभ्या असलेल्या जवानाचे उदाहरण देऊन सोसायटीच्या गार्डचा रोज मारणे हा जवानाचाही अपमान आहे. आपल्याला युनियन करता येत नाही, घटनेच्या कलम ३३ खाली ते बंधन आहे आणि आपण ते मानले. पण ते वर्दीतल्या माणसावर. वर्दी उतरवून निळा शर्ट घातला की तो माणूस कामगार असतो, आणि कामगाराचे सगळे हक्क त्याचे असतात. फौजेची शिस्त एजन्सीवाल्याला फुकट मिळालेली नाही.

तिसरे. "त्यांना पेन्शन आहे ना!" पेन्शन ही केलेल्या नोकरीची आहे, आजच्या नोकरीची नाही. आणि उस्तादांच्या शेजारी रात्रपाळीला जो पोरगा होता, सुंदरबनकडचा, वीस-बावीसचा, त्याला कुठली पेन्शन? तो तर १५ ऑगस्टला सुट्टी असते हेही विसरला होता.

चौथे. "आम्ही पूजेला बक्षीस देतो की." दुर्गापूजेत कोलकात्यात गार्डना पाकीट देतात, आपल्याकडे दिवाळीत. चांगली गोष्ट आहे, देत राहा. पण बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते, ते घेताना मान वाकते. पगार मोजून घेता येतो. उस्ताद ते संदेश विसरले नव्हते, त्यांनी दोनदा सांगितले. पण मुलीच्या लग्नाचा हिशेब त्यांना संदेशाने करता येत नव्हता.

पाचवे. "मेंटेनन्स वाढेल." चला, वाढवून पाहू. चार गार्ड, वर्षाचे चार राष्ट्रीय दिवस, माणशी वरचे ५०० धरा. आठ हजार झाले. ऐंशी फ्लॅटमध्ये वाटले की वर्षाला फ्लॅटमागे शंभर रुपये. परवा आपण गॅलरीत लावलेला झेंडा आणि काठी यापेक्षा फार वेगळा खर्च नाही हा.

आता पुढे काय झाले ते सांगतो, कारण इथे माझीही चूक आहे.

त्या दिवशी मी उत्साहात येऊन उस्तादांना अर्ज लिहून दिला. हिंदीत, दोन प्रतींत, कलमांसकट. म्हणालो, एका प्रतीवर "मिळाला" असा शिक्का घ्या. त्यांनी घेतला. पंधरा दिवसांनी मावसभावाचा फोन आला, "अरे, तुझे उस्ताद गेटवर दिसत नाहीत." एजन्सीने त्यांना हावड्याच्या बाजूला एका गोदामावर रात्रपाळीला टाकले होते. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारले तर म्हणाले, तो एजन्सीचा अंतर्गत विषय, आमचा काय संबंध. मी उस्तादांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "अरे भाई, अर्ज़ी सही थी. आदमी अकेला था."

माणूस एकटा होता. मी कागद दिला, पण त्याच्यामागे कोणाला उभे केले नाही. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या का गोळा केल्या हे मला तेव्हा कळले. मावसभावाने नंतर वार्षिक सभेत विषय काढला. दोन जणांनी पाठिंबा दिला, बाकीचे पार्किंगवर बोलायला लागले. विषय तिथेच राहिला.

आणि "आमचा काय संबंध" हे तर चालणारच नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा जिथे लागू होता तिथे स्पष्ट लिहिले होते की ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने भरावा आणि ठेकेदाराकडून वसूल करावा. जिथे तो लागू नव्हता तिथेही करारावर सही सोसायटीचीच असे. आपल्या महाराष्ट्रात तर १९८१ पासून सुरक्षा रक्षकांचा वेगळा कायदा आहे, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आहेत. असे असताना स्वस्त कोटेशन घेऊन हात झटकणे याला अडाणीपणा म्हणता येत नाही. ती सोय आहे.

म्हणून माझे म्हणणे दोन ठिकाणी आहे.

एक, सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाला. पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या गार्डचा पगार २६ ने भागतात की ३१ ने? रविवारी त्याच्या जागी रिलिव्हर येतो का? आणि चार राष्ट्रीय दिवसांचे काय देतो? गार्डला अर्ज करायला लावू नका. माझी चूक करू नका. अर्ज तुम्ही करा, तुमची बदली हावड्याला होणार नाही.

दुसरे, एजन्सी चालवणाऱ्या आपल्या माजी सैनिकांना. खाजगी सुरक्षा एजन्सीचा २००५ चा कायदा सांगतो की भरतीत माजी सैनिकाला प्राधान्य देता येते. त्या प्राधान्यावर आपण धंदे उभे केले. डीजीआरच्या दरपत्रकात रिलिव्हरचा खर्च वेगळा धरलेला असतो, तो का धरलाय हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ज्या मेडल्सचा फोटो तुमच्या ब्रोशरवर आहे, ती लावणाऱ्याचा २६ जानेवारी कापू नका. तुमच्या मस्टरवर त्या दिवशी "ए" लागला, तर तो एक रेघ मारलेला गार्ड नाही, आपल्या फौजेचा हवालदार आहे.

नवीन वेतन संहिता २०१९ साली संसदेत मंजूर झाली, २०२२ साली ती अजून पूर्णपणे लागू व्हायची होती.  लोखंडे कायद्याची वाट पाहत बसले नव्हते. रविवार आधी मिळाला, कायदा मागून आला.

उस्तादांच्या मुलीचे लग्न २०१९ ला झाले. पत्रिका आली होती, मला जाता आले नाही, तेव्हा मीच सुट्टीवर नव्हतो. त्यांनी मात्र लग्नासाठी आठ दिवस काढले आणि आठही दिवसांचा पगार सोडला. परवा त्यांना फोन केला. अजून ड्यूटी करतात, अजून हावड्यालाच. म्हटले, "उस्ताद, १५ अगस्त मुबारक. आज क्या?"

म्हणाले, "ड्यूटी."

मी एवढेच विचारले, "डबल?"

ते नेहमीसारखे हसले.

जय हिंद, जय महाराष्ट्र.